मोडीत घातलेलं पातेलं



मागच्या आठवड्यात माझ्या भाचीचा पुण्याहून फोन आला. नवं घर लावतेय. म्हणाली, "मावशी, मला भांड्यांची यादी पाठव. एकदाच घेईन, पण परत घ्यायला लागू नयेत अशी सांग." मी म्हटलं, पाच मिनिटांत पाठवते. वही-पेन घेऊन बसले आणि पहिली ओळ लिहिली, 'पितळी पातेलं, कल्हईचं, एक.' आणि तिथेच थांबले. यादी पाठवायला दोन दिवस लागले. का लागले ते आज सांगते, आणि यादीही सांगते.

१९८३ साली मी लग्न होऊन सांगलीकडच्या या घरात आले. सासूबाईंना आम्ही सगळे आत्या म्हणायचो. आत्यांच्या स्वयंपाकघरात स्टील होतं ते ताट-वाट्यांपुरतं. शिजवायला सगळं पितळी, आतून कल्हई केलेलं. तीन पातेली, एक तपेलं, एक हंडा. सगळ्यांत मोठ्या पातेल्याच्या काठाखाली आत्यांचं माहेरचं नाव टिकल्या-टिकल्यांनी घातलेलं होतं. वीस माणसांची आमटी त्यात आरामात व्हायची.

वर्षातून एकदा, चातुर्मास लागायच्या आत, कल्हईवाला यायचा. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी लिहिते. जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसा, बाजूला भाता. आधी भांडं घासून लख्ख करायचं, मग निखाऱ्यावर तापवायचं. चिमूटभर नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो आणि नाकात झिणझिण्या येतात. त्या धुराबरोबर पितळेवरचा मळ जातो. लगेच कथलाची कांडी तापल्या भांड्याला टेकवायची, कथील पाण्यासारखं विरघळतं, आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवायचं. पिवळं भांडं बघता बघता आतून चांदीसारखं होतं. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्रर्र.

आत्यांचा एक नियम मला तेव्हा अतिरेकी वाटायचा. कल्हईवाल्याचा भाता चामड्याचा. रोजच्या भांड्यांना त्या चालवून घेत, पण महाराजांच्या चौक्यातली भांडी त्याच्याकडे कधी दिली नाहीत. ती पिशवीत घालून त्या स्वतः पेठेत जायच्या. तिथे एका दुकानात हाताने फिरवायचा लोखंडी पंखा होता. जाऊन-येऊन अर्धा दिवस. मी मनात म्हणायचे, वारा तो वाराच, चामड्याचा काय आणि लोखंडाचा काय. आता माझ्या लक्षात येतं की एवढी विचारपूस करणाऱ्या बाईला आपलं भांडं कुणाच्या हातून कसं जातं हे पक्कं ठाऊक असायचं.

पुढे आत्यांचे गुडघे दुखायला लागले आणि कल्हईचं काम माझ्याकडे आलं. मी बी.कॉम. झालेली, हिशेबाची आवड. पण मुलं लहान, दुकानाचा जमाखर्चही मीच लिहायची, त्यात एका वर्षी कल्हई राहिली. दुसऱ्या वर्षी कल्हईवाला दारावर आला तेव्हा मी "पुढच्या महिन्यात ये" म्हणून परत पाठवला. १९९० साली नणंदेच्या डोहाळजेवणाला मोठ्या पातेल्यात चिंच-गुळाची आमटी केली. तळाला कल्हई उडून पिवळे डाग पडले होते, ते मी पाहिले होते. आज एक दिवसाने काय होतंय, असं म्हटलं. पंगत बसायला तास होता. झाकण काढलं तर आमटीला तो ओळखीचा वास, कडेला हिरवट झाक. आमटी कळकली होती.

तीस माणसांची आमटी टाकली. वाया गेलेल्या पैशांचं आत्यांना काही नव्हतं. शिजलेलं एवढं आंबट अन्न कुठे टाकायचं, नाल्यात ओतलं तर किती जीव मरतील, याचीच त्यांना काळजी. शेवटी परसात खड्डा करून त्यात गेली. मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत.

आणि मी काय केलं? दोष पातेल्याला दिला. कल्हईचा दरवर्षीचा खर्च, घासायची चिंच, वेळ असं सगळं एका कागदावर मांडलं आणि नवऱ्याला दाखवलं की पितळ परवडत नाही. त्या कागदावर 'कल्हई दोन वर्षं केली नाही' ही नोंद नव्हती. १९९१च्या दिवाळीआधी भांड्यांच्या दुकानात तिन्ही पातेली आणि तपेलं मोडीत घातलं. वजन करून त्यांनी भाव लावला आणि बदल्यात मी स्टीलची पातेली, डझनभर ताटं आणि सहा डबे घेऊन आले. आत्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तुझं घर आहे, तू बघ." मी ते होकार समजले.

स्टील तेव्हा नवीन आणि हलकं. उचलायला सोपं, घासायला सोपं. तळ किती पातळ आहे हे मी पाहिलंच नाही. इथे थोडं शास्त्र सांगते. स्टीलमधून उष्णता फार हळू पसरते. पितळ स्टीलच्या जवळपास सात पट चांगली उष्णता वाहून नेतं. म्हणून पितळी पातेल्यात आच सगळीकडे सारखी लागते, आणि पातळ स्टीलमध्ये जिथे ज्वाला, तिथेच तळ तापतो आणि पदार्थ लागतो. हे मला १९९३ साली चांगलंच कळलं.

त्या वर्षी गावात मुनीसंघ होता आणि आमच्याकडे चौका लागला होता. सकाळी महाराजांचं पडगाहन झालं, ते आमच्या दारी थांबले, घरात आनंदीआनंद. त्या दिवशी महाराजांना मीठ आणि तेलाचा त्याग होता, म्हणजे आहारात दुधाचा मोठा आधार. दूध समोर काढून, गाळून, ४८ मिनिटांच्या आत तापवून ठेवलेलं. मी गॅस जरा मोठा ठेवला, पाच मिनिटं पाठ फिरवली आणि दूध लागलं. वरून हलवलं तरी करपट वास जाईना. ते दूध काही ओंजळीत देता येण्यासारखं नव्हतं. दुसरं काढून, गाळून, तापवून आणायला वेळ कुठला? महाराज दिवसातून एकदाच घेतात, उभ्याने, हातात. जे होतं ते त्यांनी शांतपणे घेतलं, पाणी घेतलं आणि गेले. ते आता थेट दुसऱ्या दिवशी. उन्हाळ्याचे दिवस होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

क्षमावाणीला आपण सगळ्यांना हात जोडतो. बरेचदा तोंडदेखलं असतं, खरं सांगायला काय हरकत आहे? त्या वर्षी मी आत्यांपुढे बसले आणि पातेल्याचं सगळं बोलले, कल्हईवाल्याला परत पाठवल्याचंही. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "भांडं गेलं, जाऊ दे बाई. आता घेशील तेव्हा तळ बघून घे."

तर भाचीची यादी या एका वाक्यापासून सुरू होते.

स्टीलचं पातेलं घ्या, पण उचलून बघा. हाताला जड लागलं पाहिजे, तळ जाड पाहिजे. हल्ली तीन थरांची भांडी मिळतात, आत-बाहेर स्टील आणि मध्ये अॅल्युमिनियम. मधला थर उष्णता पसरवतो, आतलं स्टील अन्नाला लागतं. महाग आहेत, पण दोनच घ्या. फक्त तळाला चकती चिकटवलेली आणि कडेपर्यंत तीन थर असलेली, यात फरक आहे, दुकानदाराला विचारा. स्टीलवर ३०४ किंवा १८/८ लिहिलेलं पाहिजे, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. बऱ्याच जणी पर्समध्ये चुंबक घेऊन जातात. चुंबक चिकटला नाही म्हणजे चांगलं स्टील, असा समज आहे. तो अर्धाच खरा. निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. त्यापेक्षा बिलावर ग्रेड लिहून घ्या. आणि थंड पाण्यात मीठ टाकून स्टीलचं भांडं गॅसवर ठेवू नका, तळाला बारीक खड्डे पडतात. पाणी उकळलं की मग मीठ. निळे-जांभळे डाग पडले तर घाबरू नका, लिंबाने जातात.

तव्याचं सांगते. माझ्या वहीत २००३ ते २०१५ या काळात नॉनस्टिक तव्याच्या पाच खरेद्या आहेत. पाचही गेले. कधी कुणी उलथनं घासलं, कधी रिकामा तापत राहिला. त्या लेपाला साधारण २६० अंशांच्या पुढे ताप सोसत नाही, आणि रिकामा तवा मोठ्या गॅसवर काही मिनिटांत तिथे पोचतो. तेव्हा जो धूर निघतो त्याने पिंजऱ्यातले पक्षी मरतात, हे कंपन्यासुद्धा आपल्या माहितीपत्रकात लिहितात. हे वाचलं त्या दिवशी मी पाचवा तवा काढून टाकला. आमच्या स्वयंपाकघराच्या झरोक्यात चिमण्या घरटं करतात. उघड्यावरच्या चिमण्यांना किती बाधतं कोण जाणे, पण माझ्या हाताने नको.

नंतर घेतला तो बिडाचा तवा. बाजारातली बाई म्हणाली, "काकू, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवा, आठ दिवसांत तयार." मी म्हटलं, आमच्यात कांदा नाही. मग म्हणाली, तांदळाच्या पाण्यात चार दिवस भिजत ठेवा. तेही आपल्याला नको. चार दिवसांचं आंबलेलं पाणी म्हणजे जीवांची खाणच. मी केलं ते असं. तवा गरम पाण्याने आणि बेसनाने घासून धुतला, गॅसवर कोरडा केला, सुती फडक्याने जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात दिला. पातळ म्हणजे पुसून काढल्यावर उरेल तेवढाच. मग धूर येऊन थांबेपर्यंत तापवला, गार होऊ दिला. असं पाच वेळा. तेल जास्त झालं तर चिकट थर बसतो, पहिल्या वेळी माझा बसला होता, सगळा खरवडून पुन्हा केलं. धिरडी घालताना नारळाची शेंडी तेलात बुडवून फिरवते. आता धिरडं उलथन्याची वाट न बघता आपणहून सुटतं. भाकरीचा तवा मात्र वेगळा ठेवा. त्याला पाणी लागतं, तेल नाही. एकच तवा दोन्हीला वापरला की दोन्ही बिघडतात. आणि तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नका, तडकतं.

कॉमर्सवाल्या मैत्रिणींना घसारा माहीत असेल. दरवर्षी वस्तूची किंमत थोडी थोडी उतरवत न्यायची. बिडाच्या तव्याला तो कसा लावायचा मला कळत नाही. दहा वर्षांपूर्वीपेक्षा आज तो जास्त चांगला आहे.

लोखंडी कढई एक असावी. पालेभाजी, परतलेली भेंडी, तळण. त्यात आमसूल-चिंच नको, आणि भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि चव लोखंडी येते. धुऊन लगेच पुसायची, आणि तेलाचं बोट.

तांब्यात फक्त पाणी. ताक, लिंबू-सरबत काही नाही. काशाची वाटी-ताटली जेवायला सुंदर, चुलीवर ठेवायची नाही. कुकरवर आयएसआयचं चिन्ह बघा, आणि रबरी रिंग कडक झाली की ती बदला, आख्खा कुकर नको. जाता जाता एक, भांड्यांचं नाही, कपांचं. बोन चायना म्हणतात त्यात खरोखर जनावरांच्या हाडांची राख असते. नावातच 'बोन' आहे, तरी आपल्याच घरांतून भेट म्हणून ते सेट फिरत असतात. मला दोनदा आलेत. साध्या चिनी मातीचे किंवा स्टोनवेअरचे घ्या.

आता घासण्याचं. भाचीला मी सांगितलं, भांडं टिकतं ते सिंकमध्ये रात्रभर न राहिल्याने. आपल्याकडे उष्टं ४८ मिनिटांच्या आत धुवावं असं लहानपणापासून सांगतात, त्यात जीव उत्पन्न होतात म्हणून. ती हसून म्हणाली, "मावशी, ऑफिसातून येऊन?" मी म्हटलं, निदान ताटात थोडं पाणी घालून ते पिऊन टाक, म्हणजे उष्टं उरतच नाही. आणि शिजवलेल्या भांड्यातून अन्न काढल्या काढल्या पाणी फिरव. त्यात झुरळं, मुंग्या येत नाहीत, मग फवारा आणून मारायची वेळ येत नाही. सूर्यास्ताआधी जेवण आटोपलं की आमची भांडी रात्री नऊला कोरडी होऊन फळीवर असतात. लोखंडाला गंज नाही, स्टीलला डाग नाही. धर्मासाठी म्हणून करते, भांडी आपोआप टिकतात.

आणि आता त्या पहिल्या ओळीकडे येते. पितळी पातेलं.

२००९ साली मी पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेले होते. ठोक्यांचा आवाज दुरून येतो. मग एका दुकानातून एक पातेलं घेतलं, आत्यांच्या मोठ्या पातेल्याच्या निम्मं असेल. आत्या तेव्हा नव्हत्या. दुकानदाराने नाव घालू का विचारलं, मी नको म्हटलं. दुसरीच्या नावाचं पातेलं मोडीत घालून आपलं नाव कशाला?

पातेल्याची निगा सांगते, ज्यांच्याकडे आजीची भांडी माळ्यावर पडून आहेत त्यांनी नीट वाचावं. कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणजे रिकामं पातेलं गॅसवर तापत ठेवलं की कल्हई ओघळून गोळा होते. म्हणून फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून घालायची, आणि पातेल्यात आधी पाणी, मग आच. आतून तारेची घासणी लावायची नाही, सुती कापड किंवा मऊ काथ्या. बाहेरून चिंच-मीठ खुशाल लावा, आत नको. रोज वापरलं तर वर्षातून एकदा कल्हई लागते, कधी कधी सहा महिन्यांनीच. पिवळा ठिपका दिसला त्या दिवशी पातेलं थांबवायचं. आंबट तर नाहीच, साधं वरणसुद्धा नाही. मी आता फळीवर पातेल्यात एक चिठ्ठी टाकते, 'कल्हईला', म्हणजे सून किंवा मदतीची बाई चुकून चढवत नाही.

कल्हई ओळखीच्या माणसाकडून करून घ्या. कथलात शिसं मिसळलं तर स्वस्त पडतं, आणि शिसं पोटात जाणं फार वाईट, लहान मुलांना तर अजिबात नको. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की बारीक करकर आवाज येतो. आमचा कल्हईवाला मला कांडी हातात देतो, मी वाकवून कानाशी नेते, तो हसतो. त्याच्याकडे आता विजेवरचा पंखा आहे. आत्या असत्या तर चौक्याची भांडी त्याच्याकडेच दिली असती.

भाचीने यादी वाचून लगेच फोन केला. "बाकी सगळं घेते मावशी, पण इथे कल्हईवाला कुठे शोधू?" मी म्हटलं, कसबा पेठेत जाऊन पातेलं घे, आणि तिथेच विचार. नाही मिळाला तर जूनच्या आधी माझ्याकडे पाठव. आमचा माणूस आषाढी अष्टाह्निकेच्या आत येतो. या वर्षी त्याला परवाच फोन करून ठेवलाय, माझं एक आहे, शेजारच्या वहिनींचा हंडा आहे, आणि तुझंही असेल असं सांगितलंय.